जुन्या आयपॉडसाठी दिवाणखान्यात कोणते स्पीकर घ्यावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे, त्यात ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीतांचा मोठा संग्रह आहे, आजवर ते हे सारे इअरफोनवर ऐकत आले, परंतु आता कान दुखू लागल्यामुळे कोल्हापूरच्या घरी १० बाय १४ फुटांच्या दिवाणखान्यात स्पीकरवर ऐकण्याची सोय करायची आहे. खर्चाची मर्यादा १५ हजार रुपये आहे. दुकानदाराने साउंडबार सुचवला, एका मित्राने ब्लूटूथ स्पीकर आणि दुसऱ्याने ५.१ होम थिएटर. या तिघांपैकी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात ध्वनियंत्रणांच्या दुरुस्तीचे आणि घरोघरी त्यांची जोडणी करून देण्याचे काम करतो. माझे मत विचाराल तर तिन्ही नकोत. त्याच रकमेत आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेली, चार ते पाच इंची वूफरची (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा गोल स्पीकर) दोन स्पीकरची जोडी, म्हणजे ज्याला बाजारात ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘पॉवर्ड बुकशेल्फ’ म्हणतात ती, आपल्या कामासाठी अधिक योग्य आहे. असे का, हे पुढे सविस्तर लिहितो. खोली मी पाहिलेली नाही, वडील कुठे आणि कसे बसतात हे मला ठाऊक नाही आणि त्यांना ऐकू कितपत येते याचाही अंदाज नाही. त्यामुळे काही गोष्टी आपल्यालाच ताडून पाहाव्या लागतील.

खरेदीपूर्वी एकदा माळ्यावर पाहून घ्यावे. कॅसेट आणि सीडीच्या काळातला एखादा चांगला म्युझिक सिस्टीम पुष्कळ घरांत अजून पडून असतो. त्याच्या मागे ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेली लाल-पांढरी, म्हणजे ‘आरसीए’ खोबण असेल आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असेल, तर ३.५ मिमी (हेडफोनचा जॅक) ते आरसीए अशी एक केबल आणून आयपॉड आजच जोडता येईल. ‘फोनो’ लिहिलेल्या खोबणीत मात्र तो जोडू नये. ती तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण संकेतासाठी असते, तिथे खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो आणि आयपॉडचा आवाज त्यातून फाटून येतो. कॅसेटचा भाग बिघडला असला तरी हरकत नाही, आपल्याला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एवढेच हवे आहेत.

असे काही घरात नसेल, तर प्रथम जोडणीचा विचार करावा. ज्या स्पीकरवर आयपॉड थेट खोचून बसवता येतो, असे जुने डॉक अजूनही स्वस्तात विकायला दिसतात आणि वडिलांसाठी ते सोयीचे वाटतील. ते घेऊ नयेत. आयपॉडची ती ३० पिनांची खोबण २००३ मध्ये आली, २०१२ मध्ये अ‍ॅपल कंपनीने नव्या उपकरणांसाठी वेगळा प्लग आणला आणि जुन्या खोबणीच्या भरवशावर घेतलेले हजारो स्पीकर एका झटक्यात पोरके झाले. आयपॉड क्लासिकचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यात १.८ इंची फिरती हार्ड डिस्क असते आणि ती केव्हा तरी बंद पडणारच. स्पीकर मात्र नीट वापरला तर वीस वर्षे सहज टिकतो. म्हणून अल्पायुषी यंत्रासाठी दीर्घायुषी यंत्र निवडताना दोघांमधला दुवा शक्य तितका साधा असावा. आरसीएची खोबण गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आजवर तशीच आहे आणि ३.५ मिमीचा जॅक वॉकमनच्याही आधीचा आहे. या दोन्हींपैकी एक तरी ज्या स्पीकरवर आहे, त्याला उद्या फोन, संगणक, टीव्ही, काहीही जोडता येईल.

ब्लूटूथबद्दल लोकांच्या मनात नाहक अढी असते, तशी माझी नाही. चांगल्या यंत्रांमधले आजचे ब्लूटूथ ऐकायला पुरेसे चांगले आहे. परंतु आयपॉड क्लासिकमध्ये ब्लूटूथच नाही. त्याला वेगळा ट्रान्समीटर लावावा लागेल, तो दर काही दिवसांनी चार्ज करावा लागेल आणि एखाद्या सकाळी जोडणी झाली नाही तर वडील आपल्याला फोन करतील. वायर खोचली की काम झाले, हे सत्तरीतल्या माणसाच्या दृष्टीने फार मोठे सुख आहे. स्पीकरमध्ये ब्लूटूथ जास्तीचे म्हणून असेल तर असू द्यावे, नातवंडांच्या फोनसाठी उपयोगी पडते.

आता वायर आयपॉडच्या कोणत्या तोंडातून काढायची? वरच्या हेडफोन जॅकमधून काढली तरी चालते, त्याने काही बिघडत नाही. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा संकेत देतो, खिशातला प्लेअर सुमारे १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. म्हणून आयपॉडचा आवाज मोठा, कमाल पातळीच्या ८० ते ९० टक्क्यांवर ठेवावा आणि पुढचे कमीजास्त स्पीकरवरून करावे. उलटे केले, म्हणजे आयपॉड हळू आणि स्पीकर पूर्ण मोठा, तर आलापाच्या मागे सतत एक ‘स्स्’ ऐकू येत राहते. आयपॉडमधला इक्वलायझर बंद ठेवावा, कारण त्यातला खर्ज वाढवणारा पर्याय निवडला की मोठ्या स्वरांवर आवाज चिरकतो. खालच्या ३० पिनांच्या खोबणीतून ‘लाइन आउट’ची केबल लावता आली, तर संकेताची पातळी ठरलेली राहते आणि आयपॉडच्या व्हॉल्यूमचा संबंधच उरत नाही. ती केबल मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून अडून बसण्याएवढा मोठा फरक तिने पडत नाही.

हेडफोन जॅकमधून मिळणारी शक्ती जेमतेम ३० मिलिवॅटच्या घरात असते. तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायर नसलेले, म्हणजे ‘पॅसिव्ह’ स्पीकर चालत नाहीत. दुकानात सुंदर लाकडी पेट्यांची जोडी स्वस्तात दाखवली, तर वीजजोडणीची वायर कुठे आहे हे आधी पाहावे. ती नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागेल आणि १५ हजारांत दोन्ही चांगले बसवणे कठीण जाते.

साउंडबार आणि स्वस्त २.१ संचांना (दोन छोटे स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर) माझा विरोध का आहे, हे आपल्या संगीताच्याच आधारे सांगतो, कारण निवडीचे सारे मर्म इथे आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. स्वस्त २.१ संचातले दोन छोटे स्पीकर अडीच-तीन इंचांचे असतात आणि त्यांना १५० ते २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही वाजवता येत नाही. त्याखालचे सारे काम सबवूफरकडे सोपवलेले असते आणि सबवूफर सोफ्याच्या बाजूला कोपऱ्यात ठेवलेला असतो. परिणाम असा होतो की गायक मध्य षड्जाच्या आसपास असताना त्याच्या आवाजाचे अंग कोपऱ्यातून येते आणि तो वर पंचमाकडे गेला की तेच अंग हळूहळू टीव्हीखालच्या पेट्यांकडे सरकते. एकच गळा खोलीत दोन ठिकाणी बसल्यासारखा होतो. चित्रपटातल्या स्फोटांसाठी हे चालते, नव्या फिल्मी गाण्यांतही खपून जाते, परंतु विलंबित ख्यालात एक स्वर दहा सेकंद धरलेला असताना हा विस्कोट कानाला टोचतो. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, तो एवढेच म्हणतो की अर्ध्या तासात कंटाळा येतो.

चार-पाच इंची वूफरची चांगली पेटी ६० ते ७० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरते. म्हणजे गायकाचा मंद्र, तानपुरा आणि डग्ग्याचा घुमार हे सारे एकाच जागेवरून येते आणि सबवूफरची गरजच उरत नाही. तीन इंची वूफरची जोडी टेबलावर संगणकाशेजारी ठेवून दोन फुटांवरून ऐकण्यासाठी ठीक आहे, दिवाणखान्यासाठी ती थोडी अपुरी पडेल. साडेसहा इंची घेऊ नये, आपल्या खोलीला ती जड जाईल. उदाहरण म्हणून नाव घ्यायचे तर एडिफायरचा आर१२८०टी या जातीचा आहे: चार इंची वूफर, दोन स्रोत एकाच वेळी जोडून ठेवता येतील अशा आरसीए खोबणींच्या दोन जोड्या, दोन्ही स्पीकर मिळून ४२ वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी शक्ती), सोबत रिमोट. तोच घ्यावा असा माझा आग्रह नाही. या घडणीचे इतर कंपन्यांचेही आहेत.

५.१ होम थिएटरविषयी फार लिहीत नाही. आपल्या संग्रहातले सर्व ध्वनिमुद्रण एका किंवा दोन वाहिन्यांचे आहे. त्याच पैशात दोनऐवजी सहा पेट्या घेतल्या की प्रत्येक पेटी तिप्पट हलकी मिळते.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यांना भुलू नये. ‘पीएमपीओ’ हा आकडा कोणी कसाही छापतो, त्याला काही अर्थ नाही. ‘आरएमएस’ आकडा पाहावा आणि त्यावरही विश्वास बसत नसेल तर सोबतचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचावा. त्यावर १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअर असे लिहिले असेल, तर तो २४ वॉटपेक्षा अधिक वीज देऊच शकत नाही, मग खोक्यावर ५०० लिहिलेले असो की ५०००. आणि मुळात लागते किती? आठ फुटांवर बसून रोजच्या आवाजात ऐकताना अशी जोडी सरासरी एक दशांश वॉटच्या आसपास वापरते. जोरकस समेवर आवाज सरासरीच्या २० डेसिबल वर उसळला, तर त्या क्षणापुरती शंभरपट, म्हणजे १० वॉटची गरज भासते. प्रत्येक बाजूला १५ ते २० वॉट आरएमएस आपल्या दिवाणखान्याला पुरून उरतात.

स्पीकरइतकेच महत्त्व खोलीला आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. दहा फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्वर घुमतो, चौदा फुटांत साधारण ४० आणि त्याच्या दुपटीला ८०. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ चा घुमारा आणखी बळावतो. डग्गा याच परिसरात बोलतो. म्हणून पेट्या कोपऱ्यात किंवा शोकेसच्या कप्प्यात कोंबल्या की डग्गा सगळ्यांवर चढून बसतो आणि बंदिशीचे शब्द गिळले जातात. ग्राहक मग स्पीकर बदलून मागतात. निदान एकदा पेट्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि कोपऱ्यापासून दोन फूट बाजूला घेऊन पाहाव्यात. पेटीच्या मागे भोक असेल आणि पुढे ओढायला जागाच नसेल, तर त्या भोकात एक स्वच्छ मोजा सैलसर गुंडाळून घालावा. घुमारा लगेच आटोक्यात येतो. दोन पेट्यांमध्ये पाच-सहा फूट अंतर असावे, बसण्याची जागाही तेवढ्याच किंवा थोड्या अधिक अंतरावर असावी आणि वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर यावा. वडील खुर्चीवर बसत असतील तर ही उंची साधारण तीन ते सव्वातीन फूट होते, सतरंजीवर मांडी घालून बसत असतील तर बरीच कमी. चकचकीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत टाळीचा आवाज झणझणतो. पेट्या आणि श्रोता यांच्यामध्ये जाड सतरंजी आणि खिडकीला कापडी पडदा एवढ्यानेही शब्द स्वच्छ होतात.

जोडणी झाल्यावर एक चाचणी अवश्य करावी. एकाच माणसाचा आवाज असलेले जुने मोनो ध्वनिमुद्रण लावून दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्यावर बसावे. गायक दोन पेट्यांच्या मधोमध, हवेत एका ठिकाणी बसलेला वाटला पाहिजे. तो कुठेच नेमका वाटत नसेल आणि खर्जही पातळ लागत असेल, तर एका पेटीची लाल आणि काळी वायर उलटी लागली आहे. माझ्याकडे ‘स्पीकरमध्ये दम नाही’ म्हणून आलेल्या जोड्यांपैकी काहींचा आजार एवढाच असतो.

आपल्या संग्रहाचाही थोडा विचार करावा. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या पदांमध्ये खोल खर्ज मुळातच नाही आणि पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर बहुतांशी खरखरच आहे. तिथे ‘४० हजार हर्ट्झपर्यंत’ची जाहिरात कामाची नाही, शिवाय वयोमानाने कानही ते वरचे स्वर सोडून देतात. खरखर बोचत असेल तर ट्रेबलची कळ थोडी खाली घ्यावी. म्हणून ती कळ असलेली जोडी निवडावी. नंतरच्या काळातली चांगली ध्वनिमुद्रणे १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या एमपी३मध्ये भरलेली असतील, तर चांगल्या स्पीकरवर तानपुऱ्याचा झंकार पाण्याखालून आल्यासारखा लागू शकतो. अशा फाइली ३२० मध्ये रूपांतरित करून गेलेले परत येत नाही. मूळ सीडी घरात असतील तर त्यांतल्या आवडत्या आठ-दहा पुन्हा भराव्यात. मात्र दर्जा न घटवता फाइल साठवण्याचा एफएलएसी हा प्रकार आयपॉड वाजवत नाही, त्याला अ‍ॅपल लॉसलेस हा प्रकार लागतो.

दुकानात जाताना वडिलांना आणि आयपॉडला सोबत न्यावे. दुकानदाराचे गाणे ऐकू नये. एक विलंबित ख्याल, ऑर्गनच्या साथीचे एक नाट्यपद आणि एक भावगीत एवढे पुरेसे आहे. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे आवश्यक आहे, कारण किंचित मोठे वाजणारे यंत्र नेहमीच अधिक चांगले भासते आणि हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. गाणे थांबवून कान पेटीजवळ न्यावा; हातभर अंतरावर सूक्ष्म ‘स्स्’ ऐकू आली तर चालेल, बसण्याच्या जागेवर येता कामा नये. काही पेट्या वीज वाचवण्यासाठी संकेत क्षीण झाला की आपोआप झोपतात आणि मग आलापाचा पहिला हळुवार स्वर गिळला जातो किंवा मध्येच आवाज जातो. ही सोय बंद करता येते का, ते विचारून घ्यावे. आवाजाची कळ समोर आहे, बाजूला आहे की पेटीच्या पाठीमागे, हेही पाहावे. रोज सकाळी वाकून मागे हात घालावा लागणार असेल तर बाकीचे गुण निरर्थक आहेत. वूफरची कड फोमची आहे की रबराची, तेही पाहावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फोम काही वर्षांत भुगा होतो. रबर पुष्कळ टिकते.

शेवटी एक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण ती बहुधा येणारच. आयपॉड स्पीकरला जोडलेला असताना चार्जिंगला लावला की कधी कधी ‘घूं’ असा अखंड आवाज सुरू होतो. तो स्पीकरचा दोष नसतो, दोन यंत्रांना विजेच्या दोन वेगळ्या वाटा मिळाल्यामुळे तो उद्भवतो. आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहावे. तरी राहिला तर आयपॉड रात्री चार्ज करून दिवसा बॅटरीवर ऐकावा. ते जमत नसेल, तर ऑडिओच्या वायरीत लावायचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ काही शे रुपयांत मिळतो. हमिंग जावे म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, तर तो ऐकू नये. ती पिन विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी आहे. चार्जर काढूनही आवाज चालूच राहिला, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.